टोपीखालचं रक्त

बुढण हजामाला मी पहिल्याच भेटीत हात धुवायला लावले होते. एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यातली गोष्ट. धुळ्याला कंपाउंडरचं शिक्षण पुरं करून मी चोपड्याच्या दवाखान्यात नुकताच लागलो होतो. जंतू हा शब्द माझ्या तोंडात नवा होता आणि तो ऐकवायला माणूस मिळाला की मी सोडत नव्हतो.

बुढण टिंक्चर आयोडिन मागायला आला होता. साठीला टेकलेला, काटक, दाढीला मेंदी, बगलेत चामड्याची धोकटी. चोपड्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या दहा-बारा गावांत मुसलमानांच्या मुलांची सुंता तोच करी. सातव्या दिवशी बाळाचं जावळ काढायचं तेही त्याच्याकडे. मी त्याची धोकटी उघडायला लावली. वस्तरा, तुरटीचा खडा, बांबूचा चिमटा, बोरूची काडी, जाळलेल्या कापडाच्या राखेची डबी, आणि एका फडक्यात जपून ठेवलेला बाभळीचा लांब काटा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"सुंता करानं पहिले पोऱ्याना बोटले टोचस," तो म्हणाला. "रगत थांबनं तं वस्तरा. नही थांबनं तं मी घर."

लोक म्हणत, बुढण काट्याने दृष्ट काढतो. मलाही तसंच वाटलं. वस्तरा उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, काटा फेकून द्या, असं मी त्याला सुनावलं. बुढणने वस्तरा उकळायचं कबूल केलं. काटा फडक्यात गुंडाळून परत ठेवला.

"कंपोंडरभाऊ, तुम्हनं बठ्ठं खरं शे," तो म्हणाला, "पन तुम्ही अजून एकबी पोऱ्या मारेल नही."

हा त्याच्या बोलण्याचा तिरकसपणा असेल असं मी धरलं आणि हसलो.

बुढण तसा गमत्या माणूस होता. पाच-सहा वर्षांच्या मुलाची सुंता करताना हजाम त्याला वर बघायला लावतात, "ती बघ सोन्याची चिडी!" आणि मूल मान वर करतं तेवढ्यात वस्तरा फिरतो. चोपड्यातल्या निम्म्या मोमीन आणि पिंजारी पुरुषांना बुढणने ही चिडी दाखवलेली होती. हजामाला मानाने खलिफा म्हणतात; बाजारात मिशीवाले बाप्ये त्याला तशी हाक मारून विचारत, "खलिफा, मन्ही चिडी कोठे गयी रे?" आणि बुढण म्हणे, "तूच उडाडी, बोंब मारीसन!"

पण काम संपलं की त्याचा विनोद संपे. दुसरे हजाम तांदूळ, गूळ, नारळ बांधून घेत आणि निघत. बुढण तीन दिवस त्या घराच्या ओट्यावर मुक्काम ठोके. बायका हसत, "खलिफा जेवानं करता थांबस." तो हसू देई. दर दोन तासांनी पोरगं बघे. कापड ओलं झालं तर कशानं, मुताने की रक्ताने, हे उजेडात धरून बघे. घरच्यांना सांगे, सुकलेलं कापड ओढून काढू नका, तेलाचा थेंब सोडा, मग सुटतं. पाणी लावू नका. पहिले दोन दिवस जुन्या धोतराचं मऊ फडकं सैल ठेवा. पोरगं खायचं-प्यायचं थांबलं, जबडा आवळला, अंग तापलं, तर माझी वाट बघू नका, दवाखान्यात पळा. आमच्या डॉक्टरांनी त्याला व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याने त्या चटकन शिकून घेतल्या. आणि प्रत्येक घरी तो एक गोष्ट अशा आवाजात सांगे की बाया दचकत: "रगत दिसनं की बोंब मारानी. दपाडानं नही." म्हणजे लपवायचं नाही.

आमचे डॉक्टर झिराडकर कुलाब्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. चोपड्यातल्या लोकांना ते ख्रिस्ती वाटत आणि डॉक्टरही खुलासा करण्याच्या भानगडीत पडत नसत. त्यांच्यातही सुंता असते, आणि ती आठव्याच दिवशी, ही माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. बुढण आला की ते त्याला खुर्ची देत. "आमच्याकडे आठ दिवसांचा, तुमच्याकडे पाच वर्षांचा," ते म्हणत, "तुमच्या पोराला चिडी तरी बघायला मिळते." एकदा मी बुढणच्या काट्याची टिंगल केली तेव्हा डॉक्टर हसले नाहीत. "काटा चुकीचा असेल," ते म्हणाले, "पण हा माणूस कशाला तरी घाबरतो. घाबरणारा हजाम बरा."

तो कशाला घाबरतो हे मला पुढच्या माघात, उंबरझिऱ्याला कळलं.

उंबरझिरा हे सातपुड्याच्या पायथ्याचं तडवी भिलांचं गाव. चोपड्यापासून पाच कोस. तडवी म्हणजे मुसलमान झालेले भिल्ल. नावं जुनीच, जिवली, खाज्या, सुपडू. निकाह आणि सुंता मात्र मुसलमानी. गावच्या पाण्याच्या झिऱ्यात लाल औषध टाकायला मी गेलो होतो. काम आटोपलं तेव्हा खाज्या तडव्याच्या अंगणात माणसं जमलेली दिसली. खाज्या स्वतः जंगलात लाकडाला गेला होता. त्याची बायको जिवली हिने मला समोरच्या ओट्यावर बसवलं आणि गुळाचा चहा दिला. तिची लेक रुपली लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता, आज सातवा दिवस. जावळ काढायला बुढण आला होता.

जिवली पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. चहा देऊन ती वळली तेव्हा माझ्याजवळची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पट्टीसोडीनी चहा तं गोड करा आज."

"पट्टीसोडी?" मी विचारलं.

म्हातारीला सांगायला हवंच होतं. तानुबाई तिचं नाव. बावीस वर्षांपूर्वी जिवलीला रुपलीच्या पाठीवर मुलगा झाला होता. या गावात सुंता एरवी पाच-सहा वर्षांनी करत. पण खाज्याच्या घरात आधीची दोन मुलं तापाने गेली होती, म्हणून त्याची आई म्हणाली, याची चाळिसाव्या दिवशीच उरकून टाका, लहान अंगाची जखम लवकर भरते. सुंता झाली. जिवलीने हजामाची बांधलेली पट्टी सोडली. पोरगं रक्त जाऊन तिसऱ्या दिवशी मेलं. "हजामनी पट्टी कोन सोडस का? पन हिले घाई!" पुढे सुपडू झाला, वाचला, बाप होईल आता, पण नाव पडलं ते पडलं.

"हजाम कोण होता?"

"हाऊच," तानुबाई म्हणाली आणि हनुवटीने अंगणाकडे दाखवलं.

अंगणात बुढण बाळासमोर बसला होता. रुपलीने बाळाला मांडीवर घेतलं होतं. मी बुढणचं काम अनेकदा पाहिलं होतं. पाण्यावरून फिरावा तसा त्याचा वस्तरा फिरे. गेल्या बावीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला लागलं असं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तो वस्तरा लावी, उचली, पुन्हा लावी. रुपलीच्या सासऱ्याने चिमटा काढला, "खलिफा, पोऱ्यानी डोई शे, टरबूज नही." सगळे हसले. बुढण हसला नाही. कानाच्या वर दोन बोटांवर वस्तरा अडखळला आणि बाळ रडलं.

मुगाच्या दाण्याएवढं रक्त आलं. बुढणने तुरटी फिरवली. मी उठून जवळ गेलो, आयोडिनचा बोळा लावला. रक्त थांबलं. एवढीशी रेघ. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

रीतीप्रमाणे जावळ काढलं की हजाम बाळाला टोपी घालतो. टोपी धोकटीवर काढून ठेवलेली होती. रुपलीचा सासरा म्हणाला, "चाल, टोपी घाल नि गूळ वाटू द्या."

"टोपी नही," बुढण म्हणाला.

"कसाले नही?"

"थांबा."

"काय थांबा? थांबी गयं ना रगत!"

मीही म्हणालो, "घाला बुढणभाई. उघड्या जखमेवर धूळ बसते." शास्त्र म्हणून तेच बरोबर होतं. ते वाक्य मला आजही आठवतं.

बुढण मातीत बसून राहिला. चहा आणला तो त्याने बाजूला सारला. बाळाच्या कानावरच्या त्या रेघेकडे तो असा बघत होता की हळूहळू बायकांची कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारा झाला, हात गेला, आता लाजतो. अर्धा तास गेला असेल. रुपली बाळाला पाजत होती. पाजता पाजता तिने हात काढला तर बोटं लाल.

बुढण झेपावला. त्याने अंगठा त्या जागेवर दाबला आणि ओरडला. इतकी माणसं जवळ असताना कुणी एवढं ओरडत नाही. "देखा! बठ्ठा देखा! मन्हाच हाते लागनं. रगत थांबस नही. बठ्ठा देखी ल्या!"

मी त्याचा अंगठा उचलून पाहिला. रक्त फार नव्हतं. पण थेंब फुगे, ओघळे, परत फुगे. दाबलं की थांबे, सोडलं की येई. त्याने माझा हात दूर केला आणि स्वतःचा अंगठा पुन्हा ठेवला.

मग तो जिवलीकडे वळला. अंगठा तसाच.

"जिवलीबाई, तुन्हा पोऱ्याले बी असंच व्हयनं व्हतं."

जिवली दोन पावलं पुढे आली.

"सातवा दिन. याच अंगणमा. मन्हा वस्तरा लागना. तुरटी लाई, थांबी गयं. गावमा मन्ह नाव व्हतं, बुढणना हाते लागस नही म्हनीसन. मी कोनले सांगं नही. थोडा येळमा रगत परत उनं. मी लाल टोपी घाली दिधी. सांगं, थंडी शे, दोन दिन काढू नका."

"लाल टोपी," जिवली म्हणाली.

"लाल मुद्दाम घाली. दिसाले नको म्हनीसन." त्याचा आवाज आता अगदी खाली आला होता, पण अंगणात तेवढाच आवाज होता. "चाळीसवा दिन वस्तरा हातमा लिधा तवय मले ठाऊक व्हतं, या पोऱ्याले लागनं तं लवकर थांबस नही. पन बठ्ठं गाव बशेल व्हतं. आते नको म्हनू, तं कसाले नको ते सांगनं पडी. मी वस्तरा चालाडा."

"नि पट्टी?" जिवलीने विचारलं. बावीस वर्षांत तिने हा प्रश्न किती वेळा मनात विचारला असेल, तो इतक्या साध्या आवाजात आला.

"पट्टीनं काहीच नव्हतं. ती रगतमा भिजेल व्हती, तू बदली. कोन माय बदलनार नही? तू सोडती नही तरी पोऱ्या जाता. तुन्ही सासू मन्हाकडे देखी, नि मी सांगं, पट्टी सोडाले नको व्हती. एवढंच सांगं मी. मन्ह नाव राहो म्हनीसन तुन्ह नाव जाऊ दिधं."

जिवली घरात गेली. मला वाटलं ती आता काही आणून त्याला मारते. ती आली तेव्हा तिच्या हातात बाळाची एक टोपी होती, विटून विटेच्या रंगाची झालेली. तिने ती बुढणसमोर धरली.

"हाई धोई तवय पानी लाल व्हयनं," ती म्हणाली. "मी समजनू, रंग गया. खलिफानी कच्चा रंगनी टोपी दिधी, आसं म्हनू मी. बावीस वरीस तेच म्हनू."

बुढणची मान खाली गेली आणि त्याबरोबर त्याचा हातही सैल पडला. जिवलीला ते दिसलं.

"बोट काढू नको!"

तो दचकला.

"रडानं व्हई तं मांगे रड," ती म्हणाली. "बोट काढशी तं याद राख."

तिला त्याला अंगणातून हाकलता येत नव्हतं. नातवाचं रक्त त्याच्या अंगठ्याखाली थांबलेलं होतं. तो तिच्या अंगणात, तिच्या लेकीच्या मांडीशी, अंगठा दाबून बसला होता, आणि सुपडू बैलगाडी जुंपत होता.

पाच कोस आम्ही आळीपाळीने दाबलं. माझा अंगठा बधिर झाला की बुढणचा, त्याचा झाला की माझा. बाळ रुपलीच्या मांडीवर, समोर जिवली बसली होती. वाटेत ती एकदाच बोलली, सुपडूला: "खड्डा देखीसन हाक." दुपार उलटता उलटता आम्ही दवाखान्यात पोचलो.

झिराडकर डॉक्टरांनी एक बारीक काचनळी घेतली आणि बाळाच्या जखमेवरचं रक्त तिच्यात घेतलं. मग माझ्या बोटाला सुई टोचून दुसऱ्या नळीत माझं. दोन्ही नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. दर मिनिटाला नळी तिरकी करायची, रक्त वाहतं का बघायचं. माझं सातव्या मिनिटाला गोठलं. बाळाचं दहाव्याला वाहत होतं. विसाव्याला. चाळिसाव्याला मी नळी तिरकी केली तेव्हा ते पाण्यासारखं पुढे सरकलं.

"आईच्या बाजूला कुणी होतं का असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मन्हा पोऱ्या," जिवली म्हणाली. आणि लगेच, "मन्हा भाऊ बी. आंबावरथीन पडना, एक दात गया. चार दिनमा मरी गया. आम्ही म्हनूत, झाडवर काहीतरी व्हतं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काही घराण्यांत रक्त गोठत नाही. दोष बायकांमधून उतरतो आणि मुलग्यांना बाधतो. सगळ्यांनाच असं नाही, म्हणून सुपडू धडधाकट. इंग्रजीत याला हिमोफिलिया म्हणतात. औषध नाही. अशा मुलाला आयुष्यभर जपावं लागतं, आणि याची सुंता कधीच करायची नाही.

जिवलीने सगळं ऐकून घेतलं. "मंग मन्हाच रगतमा शे," ती म्हणाली.

"नही," बुढण दाराशी उभा होता तिथून एकदम म्हणाला. "डाक्टरसाहेब, तिले आसं सांगू नका. रगतमा काय बी राहो. मले ठाऊक व्हतं नि मी सांगं नही. ते रगतमा नव्हतं, मन्हामा व्हतं."

डॉक्टर जिवलीकडे वळले. "बाई, तो म्हणतो ते बरोबर आहे," ते म्हणाले. "दोष रक्ताचा, गुन्हा वेगळा."

रुपलीचा सासरा दुसऱ्या दिवशी आला आणि दवाखान्याच्या पायरीवर हटून बसला. सुंता नाही तर पोरगं कोणत्या जातीचं? उद्या त्याचा निकाह कोण लावेल? डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. "आमच्यातही सुंतेला माफी नसते," ते म्हणाले. "मूल आजारी असलं तर बरं होईतो थांबतात, एवढंच. पण आमच्या जुन्या शास्त्रात एक नियम लिहिलेला आहे. एका बाईचे दोन मुलगे सुंतेने गेले तर तिसऱ्याची करायची नाही. बहिणींची मुलंही मोजायची. लिहिणाऱ्यांना रक्ताचं हे शास्त्र ठाऊक नव्हतं, दीड हजार वर्षांपूर्वीची माणसं. त्यांनी एवढंच केलं, मेलेली मुलं लपवली नाहीत."

सासरा म्हणाला, "ते तुम्हनं. आम्हनं कोन सांगी?"

दाराशी बसलेला बुढण उठला आणि चोपड्याच्या मशिदीतल्या पेशइमामांना घेऊन आला. वाटेत त्याने त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी बाळाला पाहिलं, नळीची हकीकत ऐकली आणि दोन वाक्यांत विषय मिटवला. जीव राखणं फर्ज आहे, अल्लाची सक्ती; सुंता सुन्नत आहे, पैगंबरांची रीत. जिथे जीव जातो तिथे ती नाही, आणि याचा निकाह मी जिवंत असलो तर मी लावीन.

पाचव्या दिवशी खपली धरली. बाळ घरी निघालं तेव्हा बुढण गाडीजवळ गेला. त्याने जिवलीच्या पायांकडे हात नेले. ती मागे सरकली.

"मले माफी मांगू नको," ती म्हणाली. "मी दिधी तरी गाव मले पट्टीसोडीच म्हनी. ज्या ज्या घरमा मन्ह नाव गयं, त्या त्या घरमा जाय नि सांग."

"जासु."

"बठ्ठा घर."

"बठ्ठा."

आता हजामाचं काम असं की तो प्रत्येक घरात जातो, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लागलेला असताना ते मध्ये बोलू शकत नाही. बुढणने तेच केलं. उंबरझिऱ्याची बेचाळीस घरं, मग जिवलीच्या माहेरची, मग अडावदच्या बाजारात येणारी. हनुवटीला पाणी लावून तो सुरुवात करी: "खाज्या तडवीनी बायको. तिना पोऱ्या मी मारा. पट्टी सोडी म्हनीसन मरना नही. ऐक." अर्धी दाढी होईपर्यंत गोष्ट पुरी होई. उरलेली अर्धी दाढी काहींनी त्याच्याकडून करून घेतली नाही. एक जण तसाच अर्ध्या दाढीने उठून चोपड्याला गेला आणि दुसरा हजाम शोधला, ही गोष्ट लोक अजून हसत सांगतात. खाज्याने पुरी दाढी करून घेतली, तोंड धुतलं, आणि बुढणच्या धोकटीला लाथ मारली. सामान अंगणभर उडालं. ते गोळा करायला जिवली उठली नाही आणि बुढणनेही तिला उठू दिलं असतं असं नाही.

सर्वांत शेवटी राहिली तानुबाई. तिला दाढी नव्हती आणि नको असलेलं ऐकूही कमी येई. बुढणला तिच्या कानाशी तोंड नेऊन गोष्ट ओरडून सांगावी लागली, दोनदा; त्यामुळे ज्यांनी आपल्या घरी ऐकली होती त्यांनी पुन्हा ऐकली. तानुबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग इतला दिन कोठे व्हता?"

"इथंच व्हतू, अक्का," बुढण म्हणाला. "तुन्हा नातूसनी डोई करत व्हतू."

सुंता करणं त्याने त्यानंतर सोडलं. धोकटीतला काटा मात्र त्याने मला आणून दाखवला. म्हणाला, "कंपोंडरभाऊ, पुढला हजामले हाऊ शिकाडा. एवढं एक मी चांगलं कयं."

मला डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. अशा मुलाला काटा टोचला तर रक्त इतर मुलांसारखंच थांबतं. मग परत येतं, कधी तासाने, कधी दुसऱ्या दिवशी. बुढण एक बिडी ओढून होईपर्यंत बोट बघे; तेवढ्यात काहीच कळत नाही. बावीस वर्षांत त्याच्यासमोर दुसरं असं मूल आलं नाही म्हणून ती सगळी वाचली, काट्यामुळे नाही. मी काटा हातात घेऊन उभा राहिलो. न सांगणं सोपं होतं. म्हाताऱ्याजवळ तेवढंच उरलं होतं. पण न सांगण्याने काय होतं ते मी उंबरझिऱ्याला पाहिलं होतं, आणि "घाला टोपी" म्हणणारा मीच होतो.

मी सांगितलं.

बुढण बाकावर बसला. अंगठा त्याने दुसऱ्या हाताच्या बोटावर दाबून पाहिला.

"मंग इतला वरीस मी कोनले टोचत व्हतू?" त्याने विचारलं.

त्याने काटा परत मागितला, मी दिला.

रुपलीचा मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. दात येताना दोनदा आणि गुडघा सुजला तेव्हा एकदा जिवली त्याला घेऊन दवाखान्यात आली. प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावर पांढरी स्वच्छ टोपी होती. दुसऱ्या रंगाची ती घालू देत नाही. मागच्या खेपेला मी विचारलं, टोप्या कोण शिवतं?

"खलिफा दी जास," ती म्हणाली. "दर महिनाले एक. ओटावर ठेवस नि जास."

"तुम्ही बोलता त्याच्याशी?"

"नही," जिवली म्हणाली. मुलाची टोपी काढून तिने ती आतून उजेडात धरून बघितली, आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली.